सोनेरी ड्रिल आणि काकांचा डबा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त अगदी क्षुल्लक आहे, म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाचं आहे.

मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली. थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून आत जाताना ती एका हाताने दाराची चौकट घट्ट धरते. म्हणून भिंतीला बसवायला स्टेनलेस स्टीलचा दांडा आणला. त्याच्या एका पट्टीचं भोक नेमकं भिंतीतल्या नळाच्या पाइपावर येत होतं. म्हटलं, त्यात काय, पट्टीला बाजूला दोन नवी भोकं पाडू. मशीन घरात होतंच आणि त्याच्यासाठी घेतलेला तेरा नगांचा सोनेरी संचही होता.

पहिलं ड्रिल दहा सेकंद किंचाळलं, धूर निघाला आणि टोक निळं पडलं. पट्टीवर फक्त एक चकचकीत खळगा. दुसऱ्याचं तेच. तिसरं मोडलं. आई बाहेरून म्हणाली, "राहू दे रे, मी चौकट धरीन." त्यानंतर अर्थातच राहू देणं शक्य नव्हतं.

काकांना फोन लावला. काका पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. (ते हा ब्लॉग वाचतात, तेव्हा पुढचं जपून लिहितोय.) सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रंग बघून घेतलंस ना?"

या प्रश्नाने मला ड्रिलच्या इतिहासात ढकललं. आपण घरी मशीनलाच ड्रिल म्हणतो. कारखान्यात ड्रिल म्हणजे त्यात लावायची ती पीळदार दांडी, आणि मी इथे तेच म्हणणार आहे.

भोक पाडणं तसं फार जुनं. बलुचिस्तानातल्या मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे, गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेले अकरा मानवी दात सापडले आहेत. जिवंत माणसांचे बरं का! आपल्या सुतारांचा सामता त्याच कुळातला, धनुकलीच्या दोरीने गरागरा फिरणारा. पण लाकूड आणि लोखंड यांत फरक आहे. लोखंडासाठी शेकडो वर्षं चपटं ड्रिल चाललं. लोहार पोलादी सळईचं टोक ठोकून चपटं करायचा, भाल्यासारखं घासायचा आणि पाणी द्यायचा. ते कापायचं कमी आणि खरवडायचं जास्त. किस भोकातच अडकायचा, म्हणून ते सारखं बाहेर काढावं लागायचं. शिवाय सरळ जाईल याची खात्री नाही.

पिळाच्या खाचेतून किस आपोआप वर येतो, हे लोकांना कळलं होतं. अडचण ती खाच पाडण्याची होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत बंदुका बनू लागल्या. बंदुकीच्या एका बारीक भागाला, ज्यावर ठिणगीची टोपी बसते त्याला, आरपार भोक लागायचं. त्यासाठीची पीळदार ड्रिलं कामगार गोल कानशीने, हाताने घासून बनवत. एकेक! तिथले प्रमुख फ्रेडरिक हाउ हे पाहून वैतागले आणि जोसेफ ब्राउन या यंत्रकाराकडे गेले. ब्राउननी पीळ कापणारं यंत्र बनवलं आणि मार्च १८६२ मध्ये पहिलं यंत्र त्याच कंपनीला विकलं. जगभरच्या कारखान्यांत पुढे पोचलेलं युनिव्हर्सल मिलिंग मशीन ते हेच. म्हणजे एका बारीक ड्रिलपायी एवढं मोठं यंत्र जन्माला आलं. मला हे वाचून फार गंमत वाटली.

पाठोपाठ १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीफन मोर्सने पीळदार ड्रिलचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी न्यू बेडफर्डला कारखाना सुरू झाला. मोठ्या ड्रिलची निमुळती मूठ आजही मोर्सच्याच नावाने ओळखली जाते.

आकार सुटला, उष्णता उरली. साधं कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंशांच्या पुढे गेलं की मऊ पडतं. माझ्या ड्रिलच्या टोकाला आलेला निळा रंग हा त्याचाच दाखला. इंग्लंडच्या रॉबर्ट मशेटने १८६८ मध्ये पोलादात टंगस्टन घालून बरीच मजल मारली होती. खरी उडी मात्र अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांची. (हेच ते घड्याळ लावून कामगारांच्या हालचाली मोजणारे टेलरसाहेब. काकांचं त्यांच्याबद्दलचं मत इथे छापण्यासारखं नाही.) पोलाद फार तापवलं तर वाया जातं, हा जुना समज. या दोघांनी ते जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत तापवलं आणि ते वाया जाण्याऐवजी भलतंच चिवट निघालं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं हत्यार टोक लालबुंद झालेलं असतानाही कापत होतं. तेच हायस्पीड स्टील, ड्रिलच्या मुठीवर कोरलेली 'एचएसएस' ही तीन अक्षरं. ते सहाशे अंशांच्या आसपासही धार धरून ठेवतं. पुढे त्यात कोबाल्ट घालू लागले. एम ३५ मध्ये ते सुमारे पाच टक्के असतं, एम ४२ मध्ये आठ.

इथपर्यंतच्या गोष्टीत एक माणूस मात्र बदलला नव्हता. ड्रिल वापरणारा आणि त्याला धार लावणारा एकच होता, किंवा निदान एकाच छपराखाली होता. चांगलं ड्रिल विकत मिळायचं आणि ग्राइंडरवर पुन्हा पुन्हा चांगलं केलं जायचं.

ही जोडी फुटली ती मशीन घरी आल्यावर. पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या मशीनचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं, पण ते कारखान्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात कामगार ही मशीनं घरी नेतात हे कंपनीच्या ध्यानात आलं आणि १९४६ मध्ये घरगुती मशीनं बाजारात आली. घरी मशीन आहे, ग्राइंडर नाही आणि काकाही नाहीत! अशा गिऱ्हाइकाला ड्रिलची पारख कशी होणार? तो चकाकी बघणार. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा खरोखरच कामाचा असतो, पण तो फक्त काही मायक्रॉन जाडीचा. आतलं पोलादच हिणकस असेल तर तो काय करणार? कोबाल्ट मात्र आतबाहेर सारखं असतं, धार लावली तरी जात नाही.

रविवारी काका आले, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेली ड्रिलं, बरीचशी झिजून बुटकी झालेली. माझं एक ड्रिल त्यांनी उजेडात धरलं. "टोकाचे दोन ओठ बघ. एक लांब, एक आखूड. म्हणजे एकच कापतो, दुसरा फिरायला आलाय." मग ते टेबलावर घरंगळवलं. ते लंगडत गेलं, म्हणजे वाकडंही होतं.

"मुठीवर मेकरचं नाव नाही, पोलादाचं नाव नाही. ज्याला नाव घालायची लाज वाटते, त्याचं घेऊ नये."

त्यांनी डब्यातून पाच मिलिमीटरचं कोबाल्टचं काढलं. साध्या लोखंडाला टोकाचा ११८ अंशांचा कोन चालतो. हे १३५ चं होतं आणि टोक मधोमध फोडलेलं, त्यामुळे ते सुरुवातीला इकडेतिकडे पळत नाही. तरीही माझ्या खळग्यात त्यांनी ते लावलं नाही. स्टेनलेस घासलं गेलं की तिथेच कडक होतं, आणि मी ते चांगलंच घासून ठेवलं होतं. भोकांची जागा बोटभर सरकवली, सेंटर पंच मारला, तेलाचे दोन थेंब टाकले.

"मशीन किती फिरतं?"

"तीन हजार."

"सातशेच्या वर नेऊ नकोस. आणि दाब सोडू नकोस. एक तर काप, नाहीतर थांब."

मी अगदी हळू चाप दाबला. आवाज जवळजवळ नाहीच. खाचेतून चांदीसारखी एक लांब वेटोळी उलगडत वर आली, मग दुसरी. मिनिटभरात आरपार. दुसरं भोकही तसंच.

भिंतीतली भोकं अर्थात वेगळ्या ड्रिलने पाडली, कार्बाइडच्या टोकाच्या. कार्बाइड १९२० च्या दशकात जर्मनीत दिव्यांच्या तारा ओढताना सापडलं. क्रुपने त्याला हिऱ्यासारखं या अर्थाचं 'विडिया' नाव दिलं. काका अजूनही विडियाच म्हणतात. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

दांडा संध्याकाळी बसला. आईने दोन्ही हातांनी धरून, पूर्ण भार टाकून बघितला, आणि मग काकांना चहा विचारला. मला नाही.

काकांनी जाताना डबा मोजून घेतला. पाच मिलिमीटरचं ड्रिल माझ्याकडेच ठेवलंय, पण परत करायच्या बोलीवर. ग्राइंडर घे, धार लावायला शिकवतो, असंही म्हणालेत. पुढच्या शनिवारी बोहरी आळीत जायचं ठरलंय.