५६ सेंटिमीटरची फट

१/ शस्त्रक्रियेसाठी कवटी उघडली की मेंदू आपल्या जागेवरून किंचित सरकतो. आधी घेतलेले चित्र मग फसवे ठरते. गाठ नेमकी कोठे संपते, हे शल्यविशारदाने ओळखावे कसे?

२/ एमआरआय यंत्राला ते दिसते. पण ते यंत्र म्हणजे बोगदा. रुग्ण आत गेला की डॉक्टरांचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

३/ हंगेरीत जन्मलेले फेरेन्क योलेस यांनी बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साहाय्याने, यावर तोड काढली. १९९४ साली तेथे चुंबकाच्या दोन उभ्या कड्यांचे यंत्र बसले. मधली फट ५६ सेंटिमीटर. रुग्ण कड्यांमध्ये निजलेला, शल्यविशारद फटीत उभा!

४/ याची किंमतही होती. अंग आखडून काम करावे लागे, चुंबकाकडे ओढली न जाणारी हत्यारे वापरावी लागत. शिवाय चुंबकाचे बळ अवघे ०.५ टेस्ला, त्यामुळे चित्राच्या सुस्पष्टतेला मर्यादा पडे.

५/ २०११ साली त्याच रुग्णालयात नवे दालन सुरू झाले. तेथे ३ टेस्लाचे यंत्र छतावरील रुळांवरून रुग्णापाशी येते आणि चित्र घेऊन मागे सरते. रुग्ण जागचा हलत नाही.

६/ आधी माणसे यंत्रात शिरली. मग यंत्र माणसाकडे चालत आले. या १७ वर्षांच्या इतिहासाचे सार एवढेच: दिसणे पुरेसे नसते, हातही पोहोचावा लागतो.