औरंगाबादचे वाकेनवीस

छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रें येथें वसविलेल्या नव्या औद्योगिक नगरींत ऑरिक हॉल नांवाची एक इमारत आहे. तिचें उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजीं झालें. नगरींतील पाणी, सांडपाणी, वीज यांची खबर तारांवाटें तेथील एका दालनांत यावी, आणि कोठें काय बिघडलें तें जागेवर न जातां पडद्यावर पाहणाऱ्यास कळावें, अशी तेथील योजना आहे. यंत्रें नवीं खरीं. परंतु एका ठिकाणीं बसून अनेक ठिकाणांवर नजर ठेवण्याची विद्या या शहरास नवी नाहीं. साडेतीनशें वर्षांपूर्वीं हेंच शहर अशा एका जाळ्याच्या मध्यावर होतें. त्या जाळ्याच्या तारा म्हणजे जासुदांचे पाय, आणि यंत्रांच्या जागीं हातांत लेखणी घेतलेले कारकून होते.

१६३६ सालीं शहाजहाननें दख्खनची सुभेदारी शाहजादा औरंगजेब याजकडे सोंपविली. त्या वेळीं तींत खानदेश, वऱ्हाड, तेलंगण आणि दौलताबाद असे चार सुभे व ६४ किल्ले होते. त्यांपैकीं ५३ डोंगरी. १६५२ मध्यें त्याची पुन्हां येथें नेमणूक झाली आणि पुढील वर्षीं मलिक अंबरच्या खडकीस औरंगाबाद हें नांव मिळून तें दख्खनच्या कारभाराचें ठाणें बनलें. आतां दूरच्या डोंगरी किल्ल्यावर हजेरीपटांत शिपाई पुष्कळ आणि तटावर मात्र थोडे, हा त्या काळचा नित्याचा प्रकार. किल्लेदाराच्या स्वतःच्या पत्रांत अर्थातच सर्व कुशल असे. तेव्हां त्याच्याविषयीं दुसऱ्या कोणीं तरी लिहिणें अवश्य होतें.

हा दुसरा कोणी म्हणजे वाकेनवीस. श्रोत्यांपैकीं कोणाचें आडनांव वाकनीस असेल, तर त्याचें मूळ याच हुद्द्यांत आहे; शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील दत्ताजीपंत मंत्री हे वाकनीसच होते. मोंगल वाकेनवीस आपल्या मुलुखांतील घडामोडींचें पत्र सामान्यतः आठवड्यास एकदां धाडी. मात्र तें रवाना होण्यापूर्वीं स्थानिक अधिकाऱ्यास त्यांतील मजकूर कळत असे, आणि सारी मेख तेथेंच होती. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच शेजारीं घर, त्याच्याच मेजवानीस आमंत्रण. अशा माणसाची लेखणी कालांतरानें मऊ न झाली तरच नवल!

बादशाहीनें यावर उपाय शोधला तो असा कीं, एकाच ठिकाणाहून अनेक पत्रें मागवावयाचीं आणि तीं एकमेकांशीं ताडून पाहावयाचीं. म्हणून सवानेहनिगार हा दुसरा लेखक आला. त्याचें पत्र आठवड्यांतून दोनदां जाई आणि तें सुभेदारास दाखविलें जात नसे. तिसरा खुफियानवीस. हा येथें आहे हेंच मुळीं स्थानिक अंमलदारांस ठाऊक नसावें, अशी योजना असे. शिवाय हरकारे होते. ते तोंडी बातम्या आणीत व प्रसंगीं लेखी अखबारही पाठवीत. हीं सर्व पत्रें बंद नळकांड्यांतून डाकचौकीच्या दारोग्याकडे येत, आणि तो तीं न उघडतां वजीराच्या हातें बादशहापुढें ठेवी. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी शाहजादा मुअज्जम याच्या नोकरींत कांहीं काळ औरंगाबादेस होता. बादशाही महालांत रात्रीं नऊच्या सुमारास स्त्रिया हीं बातमीपत्रें बादशहास वाचून दाखवीत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

लेखकाची अवस्था मात्र दोन्हीकडून बिकट. नव्या वाकेनविसास केलेला त्या काळचा एक उपदेश उपलब्ध आहे, आणि तो राजनीतीच्या कित्येक ग्रंथांहून अधिक बोलका आहे. त्याचा आशय असा: बड्या अंमलदारांच्या हद्दींत निषिद्ध गोष्टी चालतातच, त्या लिहाव्या तर अंमलदाराची अब्रू जाते, न लिहाव्या तर दुसऱ्या मार्गानें बातमी पोहोंचून तुझा नाश होतो, यास्तव प्रथम त्या अंमलदारासच हळूच सूचना देऊन तो प्रकार बंद करवावा. म्हणजे पाहणाराच वेळीं सुधारणाराही झाला! केंद्राकडे जाणारी बातमी त्यामुळें उणी होत असेल. पण रयतेचा जाच कांहीं अंशीं जागच्या जागींच मिटत असला पाहिजे.

या सर्व व्यवस्थेची कसोटी १६८१ सालीं लागली. त्या वर्षाच्या ३० जानेवारीस मराठ्यांची फौज बऱ्हाणपुरावर अशी अकस्मात् कोसळली कीं पुऱ्यांतील सावकारांस आपली चीजवस्तूही हलवितां आली नाहीं. पूर्वसूचना कोणाच्याच पत्रांत नव्हती. हल्ल्याची बातमी औरंगाबादेस खानजहान बहादूर याजकडे आली. तो तातडीनें निघाला, अनेक मजलांचा पल्ला एका दमांत तोडून अजिंठ्याजवळ फर्दापूरच्या घाटापर्यंत आला, आणि तेथें कांहीं प्रहर थांबला. तेवढ्यांत मराठे लूट घेऊन साल्हेरीच्या वाटेस लागले. खान लांच घेऊन थांबला, अशी त्या वेळची कुणकुण खाफीखानानें नमूद केली आहे. खरेंखोटें आज कोण सांगणार? बातमी पोहोंचली होती, एवढें मात्र खरें. पुढें बऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठित मुसलमानांनीं बादशहास थेट अर्ज धाडला कीं, आमचें रक्षण होणार नसेल तर यापुढें शुक्रवारची नमाज बंद होईल. पगारी लेखकांच्या पत्रांत असलें धारदार वाक्य क्वचितच उतरलें असेल.

१६८२ च्या मार्चमध्यें बादशहा स्वतःच औरंगाबादेस येऊन बसला. दीड वर्षानें तो अहमदनगराकडे निघाला; नजर ठेवणारें केंद्रच आतां छावणीबरोबर फिरूं लागलें, तें १७०७ पर्यंत.

पाळतीस उलटें अंगही होतें. आंबेरसारख्या राजांनीं आपले लेखक बादशाही दरबारांत ठेविले होते, आणि आज कोण भेटीस आला, कोणास खिलत मिळाली, मुक्काम कोठें पडला, हें ते लहान लहान कागदांवर घाईनें टिपून आपल्या धन्यास कळवीत. त्यांतील बरेच कागद कर्नल टॉडनें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिले. जयपुरासही मोठा संग्रह राहिला होता. सर जदुनाथ सरकारांनीं औरंगजेबाचें चरित्र लिहितांना बादशहाचा दख्खनमधील दिनक्रम शोधला, तो याच चिठोऱ्यांतून.