ठासणीची दारू

रत्नागिरी जिल्ह्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेली बंदूक बहुधा एकनळी आणि ठासणीची असते. काजूच्या बागेत नाहीतर कापणीला आलेल्या भातात रानडुकरं उतरू लागली की ती बाहेर निघते. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा आणि शेवटी मागच्या टोकाला केप. बार उडाला की सगळं पहिल्यापासून.

परदेशात शॉटगनची रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरणं हा छंद आहे. त्यासाठी यंत्रं मिळतात, डबेच्या डबे दारू मिळते आणि कुठली दारू चांगली यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. आपला राखणीला जाणारा शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक बार घरचाच भरत आलाय. कुठली दारू हवी, हे त्याला कुणी विचारलं नाही. ते कधी हवेने ठरवलं, कधी नळीने, आणि शेवटी कायद्याने.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोळशाची कोकणाला कधी ददात नव्हती. हलक्या लाकडाचा तेवढा हवा. तुरीच्या काड्यांचा कोळसा तर पुढे इंग्रजांच्या सरकारी कारखान्यांनीही पसंत केला. अडचण इतर दोघांची. सोरा कोरड्या मुलखात जमिनीवर फुलून येतो. कोकणच्या पावसात तो कुठला टिकायला! उत्तम सोरा बिहारचा, आणि गंधक यायचं समुद्रावरून. म्हणजे बंदरं ज्याच्या हातात, त्याची दारू. जुन्या गोव्याजवळ पणेलीला पोर्तुगीजांनी दारूचा कारखानाच घातला होता. तोफांचंही तसंच: राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर येऊन ती वखार लुटली, इंग्रजांना कैदेत टाकलं. नंतर त्याच इंग्रजांकडे मराठ्यांनी तोफांसाठी बोलणी लावली, तेव्हा त्यांनी टोलवाटोलवी केली. व्यापाऱ्याने तटस्थ असल्याचं सोंग कसं करावं, याचा हा चांगला नमुना.

दारू मिळवण्यापेक्षा ती कोरडी ठेवणं जास्त अवघड. शुद्ध सोरा सहसा ओल धरत नाही, पण कच्च्या सोऱ्यात मिठासारखे दुसरे क्षार मिसळलेले असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. आषाढात दारूचा चिखल होतो तो यांच्यामुळे. स्वराज्याच्या अठरा कारखान्यांत दारूखाना वेगळा मोजलेला आहे, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याची व्यवस्था इतकी बारकाईने सांगितली आहे की लिहिणाऱ्याने सादळलेल्या दारूचा पश्चात्ताप अनुभवला असावा अशी शंका येते. दारूखाना घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नको. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण हवं. तळघर गच्ची करून, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवायची. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, पुन्हा मोहर करून आत ठेवायचा. कोकणातल्या गृहिणीला हे नवं वाटणार नाही. ती सांडग्या-पापडांचं हेच करते. फरक एवढाच की पापडाला ठिणगी लागली तर गड उडत नाही. 1755 साली हर्णैच्या सुवर्णदुर्गावर इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागल्या तेव्हा आग लागून दारूखाना उडाला, आणि आंग्र्यांचा तो बळकट किल्ला पडला.

बंदुकीच्या दारूत निवड अशी पहिल्यांदा आली ती तोड्याच्या बंदुकीबरोबर. तिला दोन तऱ्हांची दारू लागे: नळीत जाडसर, आणि नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे मागच्या भोकाजवळच्या, पेल्यात बारीक रंजक. पेटता तोडा, म्हणजे वात, रंजकीला लागायचा, तिथली आग कानातून आत जायची. रंजक जरा सादळली की वरच्यावर भुरकन जळून जाई आणि बार जागच्या जागी राही. पुढे चकमक आली, तरी रंजक नळीबाहेरच. भर पावसात दोन्ही बंदुका काठीच्या लायकीच्या.

हा प्रश्न सोडवला स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्साइथला पाखरं मारायचा नाद होता, आणि चकमकीचा झगझगाट पाहून पाखरं उडून जात ही त्याची तक्रार. 1807 मध्ये त्याने ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, आणि त्यातूनच काही वर्षांत तांब्याची टोपी, आपली केप, तयार झाली. रंजकीचा कारभार संपला. नळीतली दारू तीच जुनी राहिली, पण पावसाळी रात्रीही बार उडण्याची आशा निर्माण झाली. कोकणातली ठासणीची बंदूक या पायरीवर येऊन थांबली ती आजतागायत.

बाहेरचं जग पुढे गेलं. दारू, छर्रे आणि केप एकाच नळकांड्यात बसवलेलं काडतूस आलं. त्याचं नेहमीचं माप बारा बोअर, म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी. हे मोजमाप आजवर चालू आहे. साहेबांची काडतुसं कागदी असत. इंग्लंडात ती ठीक. इथल्या पावसाळ्यात कागद फुगायचा आणि काडतूस नळीत शिरेना. म्हणून इकडच्या शिकाऱ्यांत पितळी काडतुसं खपत. ती फुगत नसत आणि एकदा उडवली की घरी पुन्हा भरता येत. प्लॅस्टिकचं काडतूस 1960 मध्ये अमेरिकेतल्या रेमिंग्टनने आणलं, तेव्हा कुठे फुगण्याची कटकट मिटली.

घरी काडतूस भरणाऱ्याचा खरा घोळ झाला तो बिनधुराच्या दारूने. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने ती रायफलीसाठी सिद्ध केली. त्याआधी शुल्त्झे नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने लाकडापासून शॉटगनची दारू केली होती. ती मापाने काळ्या दारूइतकीच घालावी लागे, त्यामुळे शिकाऱ्याची जुनी पळी चालून गेली. पण नोबेलची बॅलिस्टाइट आली ती घट्ट. तेवढ्याच पळीत कितीतरी जास्त जोर. जुन्या सवयीने माप भरणाऱ्यांच्या नळ्या फाटल्या, बोटं गेली. काळी दारू मापाने भरतात, बिनधुराची वजनाने, हा धडा असा महागात शिकला गेला. तरी जुनी सवय सुटेना. अमेरिकन काडतुसांच्या खोक्यांवर अजूनही ‘इतके ड्रॅम’ असा आकडा दिसतो. आतली दारू त्या वजनाची नसते. काळ्या दारूचे तेवढे ड्रॅम घातले असते तर जितका वेग आला असता, तितका या काडतुसाचा, एवढाच त्याचा अर्थ. आणि बिनधुराच्या दारूतही जाती आहेत. शॉटगनची नळी रुंद आणि पातळ, तिला कमी दाबात झटकन जळणारी लागते. रायफलीची सावकाश जळते. एकीची दुसरीत चालत नाही.

ही सगळी चर्चा कोकणातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचलीच नाही, कारण मध्ये कायदा उभा होता. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या घरातलं हत्यार परवान्याखाली आणलं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये नवा कायदा आला, पण त्याच्या तेराव्या कलमात शेतीच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी द्यायची बंदूक म्हणून नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तिच्याने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी साध्या नळीची. कायदा करणाऱ्यांचा हिशेब उघड आहे: एक बार उडवून पुन्हा भरायला वेळ खाणारी बंदूक दंगलीत फारशी कामाची नाही. चिडलेल्या रानडुकरासमोरही ती तितकीच बिनकामाची, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाला भातात बसून पाहावं लागलं नसणार.

बारा बोअरचा परवाना ज्याला मिळतो त्याला निवड करायची गरजच उरत नाही. पुण्याजवळच्या खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथली ‘शक्तिमान’ काडतुसं घ्यायची. ठासणीवाल्याची दारू मात्र सुटी, आणि ती काळीच हवी. जोर कमी पडतो म्हणून काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत ओतणं म्हणजे घट्ट दारू जुन्या पळीने भरण्याचाच प्रकार, आणि इथे नळीला तोंड लावलेलं असतं.

शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. लोकसभा एप्रिल-मेमध्ये, विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकदा काजू, एकदा भात. दारूचा डबा तेवढा फळीवर राहतो; त्याला मधूनमधून ऊन दाखवावं लागतंच.