कर्करोगोपचारोत्तर थकवा : एका लक्षणाचा इतिहास

कर्करोगावरील उपचारांचा इतिहास बहुधा अर्बुदाच्या बाजूने लिहिला गेला आहे. १८९४ साली प्रसिद्ध झालेला हॉल्स्टेडचा स्तनाच्या शस्त्रक्रियेवरील निबंध, १८९५ सालचा क्ष-किरणांचा शोध, १९४२ साली येल विद्यापीठात झालेला नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग हे त्या इतिहासातील ठळक टप्पे होत. अर्बुद लहान झाले की नाही आणि रोगी किती वर्षे जगला, या दोन प्रश्नांभोवती ही कथा फिरते. उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाला जिना चढवेना, दिवसभर पडून राहूनही ताजेतवाने वाटेना, या गोष्टीला त्या कथेत फारसे स्थान मिळाले नाही. तथापि ती अज्ञात होती असे मात्र नाही. किरणोपचारानंतर येणाऱ्या ग्लानीला जर्मन वैद्यकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ‘रोएन्टगेनकाटर’ असे नाव दिले होते. मद्याची नशा उतरल्यावर जी अवस्था होते तीवरून हा शब्द बनविला आहे. नाव मिळाले, परंतु त्या नावातच उपेक्षाही होती. नशेचा उतार जसा आपोआप ओसरतो तशी ही ग्लानीही ओसरेल, तिच्यावर निराळा उपाय नको, असा त्याचा ध्वनी होता.

थकव्याला कारण असते आणि ते कारण शोधून दूर करता येते, हा धडा कर्करोगचिकित्सेला प्रथम मिळाला तो अधिवृक्क ग्रंथींच्या निमित्ताने. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस ॲडिसन याने १८५५ साली या ग्रंथींच्या नाशामुळे होणाऱ्या रोगाचे वर्णन केले. त्यात क्रमाक्रमाने वाढत जाणारी दुर्बलता हे प्रमुख लक्षण होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी याच ग्रंथी बुद्धिपुरस्सर काढून टाकण्याचा विचार पुढे आला. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स याने १९४१ साली प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुषसंप्रेरकावर अवलंबून असल्याचे दाखविले होते. वृषण काढल्यावरही अधिवृक्क ग्रंथींतून तशी संप्रेरके स्रवत राहतात, म्हणून त्याही काढाव्यात, हा त्याचा पुढचा तर्क होता. १९४५ साली या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, परंतु तर्क बरोबर असूनही रोगी जगेनात, कारण ग्रंथींची उणीव भरून काढणारे समाधानकारक औषधच नव्हते. ते कॉर्टिसोनच्या रूपाने आले. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर प्रथम वापरलेले हे औषध हाती येताच हगिन्स व बर्गेनस्टाल यांनी १९५१-५२ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया पुन्हा हाती घेतली आणि प्रोस्टेटच्या व स्तनाच्या प्रगत कर्करोगात काही रोग्यांना तिचा उघड लाभ झाला.

या शस्त्रक्रियेतून घरी परतलेला रोगी ही वैद्यकातील एक नवीनच व्यक्ती होती. त्याचे जीवित दररोज घ्यावयाच्या गोळीवर अवलंबून होते. ताप आला, उलट्या झाल्या किंवा दुसरी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली तर मात्रा वाढविणे अवश्य होते. गोळी चुकली तर प्रथम थकवा, नंतर मळमळ, रक्तदाब घसरणे आणि अखेर मृत्यू, असा क्रम होता. आपल्या थकव्याचा अर्थ लावण्यास रोग्याला व त्याच्या घरच्यांना शिकविणे हा येथे उपचाराचाच भाग बनला. याच सुमारास या औषधाची दुसरी बाजूही उघड झाली. ज्याच्या ग्रंथी शाबूत आहेत अशा माणसाला कॉर्टिसोन दीर्घकाळ दिले तर त्याच्या ग्रंथी आकसतात, आणि औषध एकाएकी थांबविल्यास तोही ॲडिसनच्या रोग्यासारखाच कोसळू शकतो. मात्रा हळूहळू उतरविण्याचा आजचा परिपाठ या अनुभवातून आला. पुढे रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवरील औषधमालिकांत प्रेडनिसोनचा समावेश झाल्यावर त्याचे महत्त्व आणखी वाढले.

शस्त्रक्रियेची जागा औषधाने घेतली तेव्हाही थकव्याने पाठ सोडली नाही. अमिनोग्लुटेथिमाइड हे १९६० साली अमेरिकेत अपस्मारावरील औषध म्हणून आले आणि ते अधिवृक्क ग्रंथींचे कार्य दडपते असे दिसल्याने १९६६ साली मागे घेतले गेले. जो दोष म्हणून ते मागे घेतले त्याच गुणासाठी पुढे ते स्तनाच्या कर्करोगात वापरात आले. सोबत हायड्रोकॉर्टिसोन देऊन ते शस्त्रक्रियेच्या तोडीचे ठरते, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. परंतु आरंभीच्या आठवड्यांत त्याने येणारी सुस्ती अनेकांना असह्य होई. नेमक्या एका विकरावर कार्य करणारी ॲनास्ट्रोझोलसारखी औषधे १९९० नंतरच्या दशकात आली आणि हे जुने औषध मागे पडले.

उपचारांनंतरच्या सर्वसाधारण थकव्यावर मात्र विश्रांती हाच सल्ला दीर्घकाळ दिला गेला. वस्तुतः या सल्ल्याचा पाया अन्यत्र केव्हाच ढासळला होता. रिचर्ड ॲशर या लंडनच्या वैद्याने १९४७ सालीच अंथरुणावर पडून राहण्याचे धोके मांडले होते. १९६८ साली डॅलस येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. निरोगी तरुणाची ही गत, तर रसायनोपचार घेतलेल्या प्रौढ स्त्रीची काय होईल, हा प्रश्न सहज सुचण्यासारखा होता. पण कर्करोगाच्या कक्षात तो विचारला जाण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली, आणि ओहायओ येथे तो विचारणाऱ्या अभ्यासिका शुश्रूषाशास्त्राच्या क्षेत्रातील होत्या, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. रोग्याशेजारी तासन्‌तास असणाऱ्या परिचारिकेला जे दिसते ते फेरीवर येणाऱ्या तज्ज्ञाला दिसतेच असे नाही. मॅकव्हिकर व विनिंगहॅम यांनी १९८९ साली स्तनाच्या कर्करोगावर रसायनोपचार चालू असलेल्या स्त्रियांना दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, स्थिर सायकलीवर व्यायाम दिला. त्यांची कार्यक्षमता घटण्याऐवजी वाढली. त्याच वर्षी पायपर व सहकाऱ्यांनी थकव्याच्या मापनाची श्रेणी प्रसिद्ध केली. जे मोजता येते त्याची नोंद होते, हे येथेही खरे ठरले.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत रोगी व तज्ज्ञ यांच्यातील अंतर स्पष्ट दिसले. रोग्यांपैकी शेकडा ६१ जणांच्या मते वेदनेपेक्षा थकव्यानेच त्यांच्या दैनंदिन जीवनाची अधिक हानी केली होती. तज्ज्ञांपैकी शेकडा ६१ जणांना मात्र वेदनाच अधिक बाधक वाटत होती. या जागृतीत औषधव्यवसायाचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. रक्तक्षय दूर करणाऱ्या एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत १९९३ साली रसायनोपचाराच्या रोग्यांसाठी मान्यता मिळाली होती, आणि थकव्याची चर्चा त्याच्या खपास पोषक होती. २००७ साली या वर्गातील औषधांमुळे अर्बुद वाढण्याचा व आयुष्य घटण्याचा धोका असल्याचा कडक इशारा देण्यात आला. पुढे २०१७ साली ११३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात व्यायाम व मानसोपचार हे औषधांहून सरस ठरले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर झालेल्या योगविषयक चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली मांडले गेले. थकवा कमी झाल्याची त्यातील नोंद या विश्लेषणाशी जुळणारी आहे. रोगाच्या पुनरुद्भवाविषयीचे तिचे निष्कर्ष मात्र स्वतंत्र पडताळणीची अपेक्षा करतात.

दरम्यान ‘उपचारोत्तर’ या शब्दाचाच अर्थ बदलत गेला. टॅमॉक्सिफेनची पहिली चाचणी मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातून १९७१ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षे हा त्याचा काळ १९९६ च्या सुमारास जवळजवळ निश्चित मानला गेला, तोच २०१२ साली मोठ्या चाचणीने दहा वर्षांचा लाभ दाखविला. दोन-तीन वर्षांनंतर औषध बदलण्याचा लाभ २००४ साली दिसला होता. अशा रीतीने बरी झालेली स्त्री दशकभर औषधे बदलत राहू लागली. एक औषध दुसऱ्याच्या वाटेत येते, हाही प्रश्न उभा राहिला. टॅमॉक्सिफेनमुळे होणारा अंगाचा दाह शमविण्यासाठी दिले जाणारे पॅरॉक्सेटिन यकृतातील ज्या विकराला अडविते त्यावरच टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूप तयार होणे अवलंबून असते. त्याच्या परिणामाविषयी मतभेद असले तरी दुसरे औषध निवडणे बहुतेकांना श्रेयस्कर वाटते.

२०११ साली मान्यता मिळालेल्या इपिलिमुमॅबपासून रोगप्रतिकारशक्तीला मोकळी करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले आणि ॲडिसनचे वर्णन पुन्हा उपयोगी पडू लागले. ही प्रतिकारशक्ती कधी कधी पोषग्रंथीवरच उलटते. तिचा संदेश न मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी निःशब्द होतात. रोगी केवळ थकल्याचे सांगतो, क्वचित डोकेदुखीचेही. उपचाराने थकवा येणारच आणि त्यावर चालणे हाच उपाय, असे मानून त्याला परत पाठविले तर अनर्थ ओढवू शकतो. रक्तातील कॉर्टिसोल सकाळी तपासले असता निदान होते. अशा रोग्याला पुढे बहुधा आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन घ्यावे लागते, आणि ताप आल्यास मात्रा वाढविण्याची तीच सूचना दिली जाते जी १९५० नंतरच्या दशकात हगिन्सच्या रोग्यांना दिली जात असे.