गुरांच्या साथी, रायगड किनाऱ्यावरील
पूर्वीच्या कुलाबा (1981 पासून रायगड) जिल्ह्याच्या उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारपट्टीतील शेती मुख्यत्वे भाताची. पाऊस मुसळधार व जमीनधारणा लहान असल्याने चिखलणीचे काम दीर्घकाळ बैलजोडीवर किंवा रेड्यांवर अवलंबून होते. चिखलणीचा काळ थोडक्या आठवड्यांचा. त्यात जोडीतील एक जनावर मेले, तर दुसरे असून नसल्यासारखे व त्या वर्षाचे पीकही धोक्यात. साथीचे नुकसान मेलेल्या जनावराच्या किमतीने मोजता येत नाही, ते यामुळेच.

या साथींत बुळकांडी सर्वांत भयंकर होती. तीव्र ज्वर, डोळ्यांतून व नाकातून स्राव, तोंडात व्रण आणि दुर्गंधीयुक्त हगवण ही तिची लक्षणे. बहुतेक जनावरे आठवडा-दीड आठवड्यात दगावत. जी वाचत त्यांना आजन्म प्रतिकारक्षमता लाभे. भातकापणीनंतर गुरे मोकाट सोडण्याची कोकणातील रीत व सामाईक पाणवठे संसर्गाला पोषक ठरत. आजारी गुरे वेगळी बांधावीत, हा नियम सांगण्यास सोपा. परंतु एकच गोठा असलेल्या कुटुंबाने तो पाळावा कसा, याचे उत्तर सरकारी सूचनांत क्वचितच सापडते.

जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाने 1871 मध्ये आपला अहवाल सादर केला. इंग्लंडात 1866 च्या कायद्याने रोगी जनावरे मारून मालकास भरपाई देण्याचा मार्ग पत्करला होता. धार्मिक भावना व खर्च या दोन्ही कारणांनी तो भारतात रुजला नाही. भरपाईचे तत्त्वही त्याबरोबरच मागे पडले; वस्तुतः या दोन गोष्टी अविभाज्य नव्हत्या. शेतकऱ्यास उरली ती तगाई. 1884 च्या कायद्यान्वये गुरे व बियाणे यांसाठी कर्ज मिळू शके, पण ते कर्जच होते : बैल गेल्यावरही त्याच्या जागी घेतलेल्या बैलाचे हप्ते फेडावे लागत.

वैद्यकीय बाजू मात्र झपाट्याने पुढे गेली. मुंबईत परळ येथे 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पुण्यात 1889 मध्ये स्थापन झालेली सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. बुळकांडीविरोधी रक्तरस तेथे तयार होऊ लागला; त्याचे संरक्षण अल्पकाळ टिके. पुढे 1920 नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांच्या शरीरात संक्रामित करून सौम्य केलेल्या विषाणूची लस प्रचारात आणली आणि टिकाऊ संरक्षण प्रथमच आवाक्यात आले. 1954 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम प्रामुख्याने हिच्यावर उभी राहिली. भारतातील शेवटचा उद्रेक 1995 मध्ये तमिळनाडूत झाला. 2011 मध्ये जगातून रोग नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग.

किनाऱ्यावर घटसर्पाचा प्रश्न वेगळा आहे. हा जंतुजन्य रोग पावसाळी दमट हवेत बळावतो व जनावर कित्येकदा एक-दोन दिवसांतच दगावते, म्हणून लस मृगापूर्वीच टोचून घ्यावी लागते. लाळ्या खुरकूत रोगात मृत्यू कमी, परंतु खुरांतील जखमांमुळे बैल चिखलात उभाही राहू शकत नाही.

भरपाईचा प्रश्न लंपी चर्मरोगाने पुन्हा उभा केला. माश्या, डास व गोचीड यांमार्फत पसरणारा हा विषाणुजन्य रोग भारतात 2019 मध्ये ओडिशात प्रथम आढळला व 2022 मध्ये महाराष्ट्रात झपाट्याने पसरला. सप्टेंबर 2022 मध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित होऊन गुरांची वाहतूक, बाजार, जत्रा व शर्यती यांवर बंदी आली. अलिबागच्या वाळूवरील शर्यतींना सरावलेल्या बैलमालकांसही ती लागू होती. शेळ्यांच्या देवीची लस सर्वत्र मोफत टोचण्यात आली. मृत दुधाळ गाईसाठी 30,000, ओढकामाच्या बैलासाठी 25,000 व वासरासाठी 16,000 रुपये साहाय्य ठरविण्यात आले. तगाईच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होय. तथापि हे साहाय्य मृत्यूपुरतेच होते. आटलेले दूध, पाय सुजून ऐन लावणीत बसून राहिलेला बैल आणि त्यामुळे भाड्याने आणावा लागणारा पॉवर टिलर यांचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.