उत्तरे तोंडपाठ होती, पण परीक्षेला बसण्याचीच मुभा नव्हती : अमेरिकी नागरिकत्वाच्या चाचणीचा इतिहास

१/
अमेरिकेचे नागरिकत्व मागणारा स्थलांतरित आज मुलाखतीपूर्वी १२८ प्रश्नांचा संच घोकतो. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकारी त्यांपैकी २० पर्यंत प्रश्न विचारतो आणि १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रश्न आणि उत्तरे सरकार स्वतःच जाहीर करते. शिवाय इंग्रजीत बोलणे, एक वाक्य वाचणे आणि एक लिहिणे आलेच.

२/
ही आखीव-रेखीव परीक्षा फारशी जुनी नाही. अमेरिकेच्या इतिहासात दीडशेहून अधिक वर्षे अर्जदाराला काय येते हा दुसरा प्रश्न होता; तो कोणत्या वंशाचा आहे, हा पहिला. त्या पहिल्या प्रश्नाचा अभ्यास करता येत नव्हता.

३/
१७९० मध्ये काँग्रेसने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. त्यात दोन वर्षांचे वास्तव्य आणि सच्चारित्र्य या अटी होत्या. मात्र अर्ज करण्याची मुभा केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना होती. १७९५ मध्ये वास्तव्याची अट पाच वर्षांची झाली. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दार उघडले. आशियाई मात्र बाहेरच राहिले. १८८२ च्या कायद्याने तर चिनी लोकांना नागरिकत्व देण्यास न्यायालयांना स्पष्ट मनाई केली.

४/
त्या काळी परीक्षा घेई कोण? स्थानिक न्यायालये. एखादा न्यायाधीश राज्यघटनेवर बारकाईने प्रश्न विचारी, तर दुसरा साक्षीदारांच्या शब्दावर काम उरकी. १८६८ च्या निवडणुकीपूर्वी न्यूयॉर्कमध्ये ‘टॅमनी हॉल’ या राजकीय यंत्रणेने मतांसाठी हजारो स्थलांतरितांना घाईघाईने नागरिक करून घेतले. परीक्षेचा दर्जा न्यायालयागणिक बदलत होता.

५/
हा गोंधळ आवरण्यासाठी १९०६ चा कायदा आला. सर्वत्र सारखे अर्ज, मध्यवर्ती नोंदी, चौकशी करणारे सरकारी परीक्षक आणि इंग्रजी बोलता येण्याची सक्ती ही त्याची वैशिष्ट्ये. आता तयारी करणे भाग पडले. दिवसभर गिरणीत राबलेले इटालियन, पोलिश, रशियन ज्यू कामगार संध्याकाळी रात्रशाळेच्या बाकांवर बसू लागले.

६/
डेट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीने १९१४ मध्ये आपल्या कामगारांसाठी इंग्रजी शाळा काढली. तिचा पदवीदान समारंभ नाटकासारखा असे. कामगार आपापल्या मायदेशाच्या पोशाखात रंगमंचावरील जहाजातून उतरत, एका प्रचंड पातेल्यात शिरत आणि अमेरिकी सूट घालून, हाती ध्वज घेऊन बाहेर पडत. नागरिक होणे म्हणजे आधीची ओळख वितळवून टाकणे, ही धारणा याहून ठळकपणे क्वचितच मांडली गेली असेल.

७/
पण ज्यांना त्या पातेल्यापर्यंत पोहोचूच द्यायचे नव्हते, त्यांचे काय? इथे भारतीयांची कथा सुरू होते. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बालसरा यांना १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नागरिकत्व दिले. सरकार अपिलात गेले. १९१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पारशी ‘गोरे’ ठरतात असा निर्वाळा दिला. वाद त्यांच्या ज्ञानाचा नव्हता, वंशाचा होता.

८/
जपानी ताकाओ ओझावा यांच्याइतकी तयारी क्वचितच कुणाची असेल. वीस वर्षांचे वास्तव्य, बर्कलीतील शिक्षण, घरात इंग्रजीचा वापर. त्यांची योग्यता सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली नाही. तरीही नोव्हेंबर १९२२ मध्ये निकाल विरुद्ध गेला : ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन, आणि ओझावा कॉकेशियन नाहीत.

९/
अवघ्या तीन महिन्यांत त्याच न्यायालयासमोर भगतसिंग थिंड उभे राहिले. पंजाबात जन्मलेले थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : मानववंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन गणले जातात, मग आम्ही पात्र आहोत. आपणही ‘आर्य’, ‘उच्चवर्णीय’ आहोत, असा आधार या लढ्यात घेतला गेला, हेही नमूद करायला हवे. भेदाचा कायदा मोडण्याऐवजी त्याच्या आतल्या बाजूला जागा मिळवण्याचा तो प्रयत्न होता.

१०/
१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने कसोटीच बदलली. शास्त्र काहीही सांगो, सामान्य माणसाच्या समजुतीत जो गोरा, तोच गोरा. ओझावांचा निकाल आणि हा निकाल, दोन्ही न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिले होते.

११/
निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांवर खटले भरले आणि पन्नासहून अधिक जणांचे नागरिकत्व गेले. पेशावरहून १९१५ मध्ये सहकुटुंब आलेले वैष्णोदास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे दुकान होते. नागरिकत्व गेले, मालमत्तेचे हक्क गेले, भारतभेटीसाठी अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी या अन्यायालाच जबाबदार धरले.

१२/
एक माणूस मात्र या लाटेसमोर टिकला. अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकील झाले आणि थिंड यांची बाजूही त्यांनीच मांडली. त्यांच्याही नागरिकत्वावर खटला आला. त्यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवून विचारले : ज्या प्रश्नाचा निवाडा न्यायालयाने एकदा केला आणि सरकारने तेव्हा अपील केले नाही, तो पुन्हा कसा उकरता येईल?

१३/
या निकालावर केवळ पंडितांचे भवितव्य अवलंबून नव्हते. नागरिकत्वास अपात्र परदेशी व्यक्तीची पत्नी असलेली अमेरिकी स्त्रीही तेव्हाच्या कायद्याने आपले नागरिकत्व गमावत असे. त्यांच्या पत्नी मूळच्या अमेरिकी होत्या. १९२६ मध्ये अपील न्यायालयात पंडित जिंकले, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि सरकारने इतर भारतीयांविरुद्धचे प्रलंबित खटले सोडून दिले.

१४/
ज्यांचा वंश मान्य होता, त्यांचीही मुलाखत सोपी नव्हती. हंगेरीच्या शांततावादी रोझिका श्विमर यांना अर्जातील २२ व्या प्रश्नाने अडवले : देशरक्षणासाठी शस्त्र हाती घ्याल काय? त्यांनी प्रामाणिकपणे नकार दिला. पन्नाशीच्या आसपासच्या या स्त्रीला कुणी सैन्यात बोलावणार नव्हतेच. तरीही १९२९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. एका शब्दाचे खोटे बोलल्या असत्या, तर कदाचित नागरिक झाल्या असत्या.

१५/
१९४६ हे वर्ष दोन्ही अर्थांनी वळणाचे ठरले. एप्रिलमध्ये जिरुआर्ड खटल्यात न्यायालयाने शस्त्र उचलण्याच्या सक्तीचा जुना पवित्रा सोडला. जुलैमध्ये ल्यूस-सेलर कायद्याने भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला, पण भारतातून वर्षाला केवळ १०० जणांना प्रवेशाची मर्यादा ठेवूनच. १९२० मध्ये अमेरिकेत पोहोचलेले दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले.

१६/
१९५२ च्या कायद्याने नागरिकत्वातील वंशाची अट पूर्णपणे काढली. इंग्रजी लिहिता-वाचता येणे आणि इतिहास व शासनव्यवस्थेचे ज्ञान असणे या अटी १९५० पासून कायद्यात आल्या होत्या, त्या कायम राहिल्या. तरीही कोणते प्रश्न विचारायचे हे दीर्घकाळ परीक्षकागणिक बदलत राहिले. २००८ मध्ये देशभर एकसमान, सुधारित चाचणी आली : १०० प्रश्नांचा संच, त्यांपैकी १० पर्यंत विचारायचे, ६ बरोबर हवेत.

१७/
प्रश्न किती असावेत, घोकंपट्टीने देशप्रेम मोजता येते काय, हे वाद आजही चालू आहेत आणि ते रास्तही आहेत. पण छापील प्रश्नसंचाचे मोल ओझावा आणि बगाई यांच्या कहाण्यांतून कळते. प्रश्न आधी ठाऊक असणे, ते सर्वांना सारखे असणे आणि उत्तर अभ्यासाने मिळवता येणे, या तीन साध्या गोष्टींसाठी दीड शतकाहून अधिक काळ लागला.