पाकिटातलं मत

निकालाच्या दिवशी सकाळी टीव्हीवर "पोस्टल मतांमध्ये अमुक पुढे" अशी पट्टी झळकते आणि घरोघरी चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, "छे, खरी मतं कुठं मोजलीत अजून?" मला तो 'खरी' शब्द फार खटकतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्याच्या कलम ६० ने काही जणांना टपालाने मत द्यायची वाट ठेवली. जवान, परदेशी वकिलातीतले अधिकारी, निवडणूक ड्युटीवरचे शिक्षक आणि, गंमत बघा, प्रतिबंधक कोठडीतला माणूससुद्धा! (साध्या कैद्याला मात्र मतच नाही.)

यात जवानांची कथा जरा करुण. मतपत्रिका छापायची तीच मुळी उमेदवारी माघारीची मुदत संपल्यावर. मग ती साताऱ्याहून निघून लेहला पोचणार कधी आणि परत येणार कधी? मोजणीची ठरलेली वेळ टळून गेल्यावर आलेलं पाकीट न उघडताच बाजूला ठेवतात. २००३ साली त्यांना प्रॉक्सी नेमायची मुभा मिळाली, म्हणजे गावातला बाप किंवा भाऊ त्यांच्या वतीने मत देणार. पण मग ते मत गुप्त कसलं? शेवटी २०१६ मध्ये मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवायची सोय झाली. पुदुच्चेरीतल्या नेल्लीतोप पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली. येताना अजूनही टपालच, पण निम्मी वाट तरी वाचली.

म्हाताऱ्यांचं नाव यात आलं २०१९ मध्ये. तेव्हा वयाची अट ८० होती, २०२४ मध्ये ती ८५ केली. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांनाही ही सोय आहे. तुमच्या घरात कुणी असेल तर लक्षात ठेवा: निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२-ड भरून द्यायचा. मग अधिकारी आधी कळवून घरी येतात. मात्र एकदा हा अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना मात्र २०११ पासून मतदार होता येतं, पण मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढूनच!

आता पाकिटांबद्दल. मतपत्रिका आतल्या पाकिटात, आणि ते पाकीट व फॉर्म १३-अ हे सहीचं प्रतिज्ञापत्र बाहेरच्या पाकिटात. प्रतिज्ञापत्र नसलं, सही चुकली किंवा क्रमांक जुळला नाही, तर आतलं पाकीट उघडतच नाहीत. मत बाद. कुणाला होतं हे कधीच कळत नाही.

गुजरातेत ढोलका मतदारसंघात २०१७ मध्ये भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले. तिथे ४२९ टपाली मतं बाद ठरवली होती. हरलेला उमेदवार हायकोर्टात गेला आणि मे २०२० मध्ये कोर्टाने ती निवडणूकच रद्द केली. चुडासमा तेव्हा राज्याचे कायदामंत्री होते! काही दिवसांतच सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली.